दुसऱ्याचं आयुष्य, लेखकाची सही

घटस्फोटात घर, पैसा आणि मुलं यांची वाटणी होते. मार्च २०२० मध्ये फ्रेंच कादंबरीकार एमान्युएल कारेर आणि पत्रकार एलेन देविंक कायदेशीररीत्या वेगळे झाले, तेव्हा त्यात आणखी एका गोष्टीचा फैसला झाला. यापुढे देविंकच्या संमतीशिवाय तिला आपल्या लेखनात आणायचं नाही, असा करार कारेरनं केला. त्याच वर्षी ऑगस्टअखेर त्याचं 'योग' हे पुस्तक आलं, धडाक्यात खपलं, गोंकूर या फ्रान्समधल्या सर्वांत मानाच्या साहित्यपुरस्काराच्या सुरुवातीच्या यादीतही गेलं. सप्टेंबरच्या शेवटी देविंकनं 'व्हॅनिटी फेअर'च्या फ्रेंच आवृत्तीत त्याला जाहीर उत्तर दिलं. या पुस्तकाला, ते आलं त्या स्वरूपात, आपण संमती दिलेली नव्हती असं तिनं लिहिलं. एकत्र राहत होतो तोवर माझे शब्द, माझ्या कल्पना, माझी दुःखं, माझं शरीरसुख हे सगळं त्यानं वापरलं, पण आता ते दिवस संपले, असा तिचा सूर होता.

पॅरिसच्या साहित्यवर्तुळात लगेच दोन तट पडले. एक गट म्हणाला, लेखकाच्या हातावर वकिलानं हात ठेवला की साहित्य संपलं. दुसरा म्हणाला, लग्न केलं म्हणजे बायको कच्चा माल होत नाही. मी दुसऱ्या गटात आहे. त्याचं कारणही मला कारेरच्याच पुस्तकांत सापडतं, कारण संमती घेऊन लिहिणं, न घेता लिहिणं आणि घेतल्यासारखं करणं या तिन्ही वाटा हा एकच लेखक चालून गेला आहे.

कारेरचा जन्म १९५७ चा, पॅरिसचा. आई एलेन कारेर दांकोस ही रशियाच्या इतिहासाची नामांकित फ्रेंच अभ्यासक. सोव्हिएत साम्राज्याला आतून तडे जात आहेत, हे तिनं १९७८ मध्येच एका गाजलेल्या पुस्तकात मांडलं होतं. १९९९ पासून २०२३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती फ्रेंच अकादमीची आजीव सचिव होती. मुलानं सुरुवात चित्रपटसमीक्षेपासून केली, मग कादंबऱ्या लिहिल्या. 'ला मुस्ताश'मध्ये (१९८६) एक माणूस गंमत म्हणून मिशी काढतो आणि बायको म्हणते, तुला मिशी कधी नव्हतीच. 'ला क्लास द नेज' या कादंबरीला १९९५ मध्ये फेमिना पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर त्यानं कल्पित गोष्टी रचणं जवळजवळ सोडूनच दिलं. त्याला खरी माणसं मिळाली होती.

त्यातला पहिला ज्याँ-क्लोद रोमाँ. हा गृहस्थ जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य संघटनेत डॉक्टर आहे, असं त्याची बायको, आईवडील, मित्र, शेजारी, सगळे अठरा वर्षं धरून चालले होते. प्रत्यक्षात तो वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षासुद्धा पास झालेला नव्हता. रोज सकाळी घरून निघायचा आणि महामार्गावरच्या थांब्यांवर, वाहनतळांवर, जुराच्या जंगलात दिवस काढायचा. स्वित्झर्लंडमध्ये चांगल्या व्याजानं गुंतवतो म्हणून नातेवाइकांचे पैसे घ्यायचा आणि त्यावर घर चालवायचा. पैसे संपत आले, बिंग फुटायची वेळ आली, तेव्हा ९ जानेवारी १९९३ च्या सुमारास त्यानं बायको, पाच आणि सात वर्षांची दोन मुलं आणि स्वतःचे आईवडील यांना ठार मारलं. स्वतः मात्र वाचला.

कारेरनं त्याला तुरुंगात पत्र लिहिलं. उत्तर यायला दोन वर्षं लागली. १९९६ मध्ये बूर्ग-आं-ब्रेसच्या न्यायालयातला खटला त्यानं ऐकला आणि मग पुस्तक काही केल्या जमेना. याच्या नजरेतून, त्याच्या नजरेतून, तटस्थ इतिहासासारखं, असे सगळे प्रयत्न फसले. शेवटी त्यानं 'मी' वापरला, आणि २००० मध्ये 'लाद्व्हेर्सेर' आलं. पहिल्याच वाक्यात तो सांगतो की रोमाँ बायकामुलांना मारत होता त्या शनिवारी सकाळी मी माझ्या मोठ्या मुलाच्या शाळेत पालकसभेला बसलो होतो. या एका वाक्यानं सगळ्या पुस्तकाचा पवित्रा ठरतो. सांगणारा कोण, तो कुठे उभा आहे, खुन्याशी पत्रव्यवहार करताना त्याला काय वाटत होतं, हे वाचकापासून लपवलेलं नाही. शेवटी तो म्हणतो, ही गोष्ट लिहिणं हा एक तर गुन्हा ठरेल नाही तर प्रार्थना.

वाक्य सुंदर आहे, आणि म्हणूनच मला त्याचा थोडा संशय येतो. गुन्हा की प्रार्थना हे ठरवायचं कुणी? खुन्यानं होकार दिला होता. बाकी पाच जणांना विचारायची सोय उरलेली नव्हती. तरीही या पुस्तकाला माझा आक्षेप नाही. ती घटना भर न्यायालयात उलगडली होती, वर्तमानपत्रांनी ती आधीच चघळून टाकली होती, आणि कारेरनं मेलेल्यांच्या खाजगीपणात अधिकचं काही ओरबाडून आणलेलं दिसत नाही. त्याला शोध होता तो त्या रिकाम्या दिवसांचा: घरातून निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत करत काय असेल?

खरी अडचण २००७ च्या 'रशियन कादंबरी'पासून सुरू होते. नावात कादंबरी असली तरी त्यात रचलेलं काही नाही. त्या एका पुस्तकात दोन वेगळे प्रकार आहेत आणि माझ्या मते त्यांचा निकालही वेगवेगळा लागतो.

पहिला प्रकार आजोबांचा. आईचे वडील जॉर्जियातून आलेले निर्वासित. हुशार, खूप शिकलेले, आणि फ्रान्समध्ये कुठेच धड न रुजलेले. युद्धाच्या काळात बोर्दो शहरात त्यांनी जर्मनांसाठी दुभाषाचं काम केलं. शहर मुक्त झाल्यावर, सप्टेंबर १९४४ मध्ये, काही माणसं त्यांना घेऊन गेली. ते परत आले नाहीत, प्रेतही मिळालं नाही. मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. पुढे ती फ्रेंच राज्याच्या मानमरातबाच्या शिखरावर पोचली, पण ही गोष्ट तिनं आयुष्यभर झाकून ठेवली. मुलाला तिनं स्पष्ट सांगितलं होतं: माझ्या वडिलांना हात लावू नकोस, मी मरेपर्यंत तरी. मुलानं हात लावला. मायलेकांत दुरावा आला.

इथे मी मुलाच्या बाजूचा आहे. आजोबा त्याचेही होते. घरात ज्या विषयाभोवती सगळे पाय न वाजवता चालतात, तो विषय मुलांच्या वाट्याला येतोच. त्या मौनाखाली वाढलेल्या माणसाला ते मौन मोडायचा हक्क आहे. शिवाय इथे समोर कोण होतं? अकादमीची सर्वोच्च अधिकारी, डझनावारी पुस्तकांची लेखिका, जिच्या एका फोनवर कुठलाही संपादक पान मोकळं करून देईल अशी बाई. तिला उत्तर द्यायचं असतं तर अख्खा फ्रान्स ऐकायला बसला असता.

दुसरा प्रकार प्रेयसीचा. जुलै २००२ मध्ये 'ल मोंद' या दैनिकाच्या शनिवार-रविवारच्या पुरवणीत कारेरनं एक कथा छापली. तेव्हाच्या प्रेयसीला उद्देशून लिहिलेलं ते उघड शृंगारिक पत्र होतं. ती पॅरिसहून ला रोशेलला जाणाऱ्या गाडीत बसून ते वाचेल, आणि त्याच डब्यातले इतर प्रवासीही तेच पान उघडून तिला ओळखायचा प्रयत्न करतील, अशी सगळी मांडणी होती. ती त्या गाडीत चढलीच नाही. पुढचं रामायण, त्यांच्या नात्याचा चिंधडा झालेला शेवट, हेही 'रशियन कादंबरी'त सविस्तर आहे. तपशील मी देत नाही. दिले तर त्याच डब्यात मीही पेपर उघडून बसल्यासारखं होईल.

कारेर स्वतःला इथे पाठीशी घालत नाही, हे मान्य करायला हवं. तो स्वतःचं वर्णन मत्सरी, आढ्यतेखोर, क्रूर असंच करतो. त्याचे चाहते नेमकं यावरच बोट ठेवतात: बघा, स्वतःलाही सोडलं नाही! पण स्वतःची नाचक्की करून घेतल्यानं दुसऱ्याची करायचा परवाना मिळत नाही. लेखकाला त्या नाचक्कीचे पैसे मिळतात, प्रामाणिकपणाबद्दल कौतुक मिळतं, पुढचं पुस्तक मिळतं. बाईच्या वाट्याला एवढंच येतं की तिच्या कचेरीतल्या, इमारतीतल्या, कुटुंबातल्या लोकांना तिच्या शय्येविषयी माहिती होते. तिच्याकडे ना दैनिक होतं ना प्रकाशक. आईच्या आणि प्रेयसीच्या प्रकरणात मला दिसणारा फरक हाच: ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याला तितक्याच मोठ्या आवाजात उत्तर देता येतं का?

आता संमतीनं लिहिलेलं पुस्तक. डिसेंबर २००४ च्या सुनामीच्या वेळी कारेर आणि देविंक श्रीलंकेत होते. तिथे भेटलेल्या एका फ्रेंच जोडप्याची चार वर्षांची मुलगी लाटेत गेली. त्यांनी त्या कुटुंबासोबत ते दिवस काढले. परत आल्यावर काही महिन्यांतच देविंकची बहीण कर्करोगानं वारली. ती ल्योंजवळच्या व्हिएन गावच्या छोट्या न्यायालयात न्यायाधीश होती, लहान मुलींची आई होती. तिचा सहकारी न्यायाधीश एत्येन्न यानं तरुणपणी कर्करोगात एक पाय गमावला होता. आजारपणानं तिच्याही पायांत अधूपण आलेलं. त्यानंच कारेरला सुचवलं की ही गोष्ट कदाचित तुझ्यासाठी आहे.

'माझ्यावेगळी आयुष्यं' असा ज्याच्या नावाचा अर्थ होतो ते पुस्तक २००९ मध्ये आलं. ते छापायला जाण्याआधी कारेरनं हस्तलिखित त्या माणसांच्या हाती दिलं. जे नको असेल ते काढा, बदला, मी ऐकेन, असं सांगितलं. संमती म्हणजे साहित्याला नख, असं मानणाऱ्याचा अंदाज काय असेल? पुस्तक गुळगुळीत, श्रद्धांजलीछाप झालं असणार. पण वाचून पाहा. त्यात मरणाची भीती आहे, शरीराची लाज आहे, आजाऱ्याचा राग आहे, आणि मध्येच कर्जबाजारीपणाच्या कायद्यावर चक्क कित्येक पानं आहेत.

ही पानं मला सगळ्यात प्रिय आहेत, म्हणून जरा थांबतो. व्हिएनच्या त्या न्यायालयात रोज कोण यायचं? हप्त्यानं पैसे देणाऱ्या कंपन्यांच्या कर्जात बुडालेली साधी माणसं. बारीक अक्षरातल्या अटी त्यांनी वाचलेल्या नसत, आणि फ्रेंच कायद्यातल्या दोन वर्षांच्या मुदतीनंतर त्या अटींविरुद्ध बोलायची सोयही उरत नसे. या दोन न्यायाधीशांनी अशा अटी स्वतःहून तपासायला सुरुवात केली. वरची न्यायालयं आडवी आली तेव्हा व्हिएनहून थेट लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाला प्रश्न गेला: ग्राहकाला संरक्षण देणाऱ्या युरोपीय नियमांत अशी मुदत बसते का? नोव्हेंबर २००२ मध्ये उत्तर आलं, बसत नाही. मुदत उलटली तरी अन्यायकारक अट न्यायाधीशाला दूर ठेवता येईल. तालुक्याच्या गावी असावं तसलं एक न्यायालय, पायांनी अधू असलेले दोन न्यायाधीश, आणि सगळ्या युरोपभर लागू झालेला निकाल. कुठल्याही कादंबरीकाराला हे रचता आलं नसतं. ते त्याला मिळालं, कारण लोकांनी आपणहोऊन त्याच्यासमोर बसून तासन् तास सांगितलं. विश्वास होता म्हणून सांगितलं. चोरून लिहिणाऱ्याला बायकोचं गुपित मिळेल. कर्जाच्या करारातली बारीक अक्षरं समजावून सांगायला त्याच्यासाठी कोण बसणार?

म्हणून 'योग'कडे परत येताना माझ्या मनात कराराबद्दल तक्रार नाही. पुस्तक सुरू होतं जानेवारी २०१५ मधल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरापासून. हे शिबिर सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेतलं. तिचं मुख्य केंद्र आपल्या इगतपुरीला आहे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. शार्ली एब्दो या व्यंग-साप्ताहिकावरच्या दहशतवादी हल्ल्यात एका मैत्रिणीचा जोडीदार, अर्थतज्ज्ञ बेर्नार मारिस, मारला गेला आणि कारेरला शिबिर अर्धवट सोडून त्याच्या अंत्यविधीत बोलायला जावं लागलं. पुढे तीव्र नैराश्य, पॅरिसच्या सेंत-आन मनोरुग्णालयातले चार महिने, विजेचे झटके, द्विध्रुवी विकाराचं निदान, मग ग्रीसमधल्या लेरोस बेटावरची निर्वासित मुलं. हे सगळं प्रत्ययकारी आहे. पण मधल्या काळात नवराबायकोचं जे काही झालं असेल त्याच्या जागी भोक आहे. कारेर ते लपवत नाही. स्वतःबद्दल मी काहीही सांगू शकतो, अगदी लाज आणणारं सत्यसुद्धा, दुसऱ्याबद्दल नाही, असं तो पुस्तकातच म्हणतो.

त्या भोकामुळे पुस्तकाचं नुकसान झालं का? थोडं झालं. माणूस एकाएकी कोसळतो आणि का ते वाचकाला पूर्ण कळत नाही. पण देविंकचा रोख मुख्यतः दुसरीकडे होता. लेरोसवरचा मुक्काम पुस्तकात दाखवलाय तेवढा लांबलेला नव्हता, त्यातला काही काळ मी तिथे होते, घटनांचा क्रमही बदललाय, असा तिचा आरोप होता. तो खरा असेल तर दोष कराराच्या माथी मारता येत नाही. करारानं बायको गाळायला सांगितलं होतं. काही दिवसांना महिने करा असं त्यात कुठे होतं? जे गाळलं ते गाळलं म्हणून सांगणं हा प्रामाणिकपणा आहे, आणि त्या जागी सोयीचं काही भरणं ही रचना आहे. रचनेला माझी ना नाही, फक्त तिला कादंबरी म्हणा.

इगतपुरीचा उल्लेख आला म्हणून एक आठवण करून द्यावीशी वाटते. गोएंकांच्या शिबिरात शिरताना प्रत्येकाला पंचशील घ्यावं लागतं. त्यातलं दुसरं शील महाराष्ट्रातल्या विहारांमध्ये लहान पोरंसुद्धा पालीत म्हणतात: जे दिलेलं नाही ते घेणार नाही. आत्मपर लेखकासाठी याहून नेमका नियम मला तरी फ्रेंच नागरी संहितेत दिसत नाही. त्या संहितेचं नववं कलम प्रत्येकाला खाजगी आयुष्याच्या आदराचा हक्क देतं आणि न्यायालयं ते वापरतातही. क्रिस्तीन आँगो या कादंबरीकर्तीला आणि तिच्या प्रकाशकाला २०१३ मध्ये चाळीस हजार युरो भरपाई द्यावी लागली, कारण तिच्या जोडीदाराच्या पूर्वीच्या सहचरीचं आयुष्य तिनं ओळखू येईल असं पुस्तकात उतरवलं होतं. पण भरपाई मिळेतो पुस्तक घरोघर पोचलेलं असतं.

आता माझ्याच बाजूची कच्ची वीट. संमती मिळाली की सगळं निभावलं का? सेर्ज दुब्रोव्स्की या लेखकानं १९७७ मध्ये 'ऑटोफिक्शन', म्हणजे स्वतःचंच आयुष्य कादंबरीच्या रूपात लिहिणं, हा प्रकार नावानिशी जन्माला घातला. पुढे त्याच्या बायकोनंच त्याला आपल्या लग्नाबद्दल लिहायला सांगितलं. तो एकेक प्रकरण लिहून तिला वाचायला देत गेला. त्यातलं एक तिच्या दारूच्या व्यसनाबद्दल होतं. त्यानंतर १९८७ मध्ये ती घरात मृतावस्थेत सापडली. अपघात की आत्महत्या, याचा उलगडा झाला नाही. दुब्रोव्स्कीनं तिच्या मृत्यूसकट पुस्तक पूर्ण केलं आणि १९८९ मध्ये त्याला मेदिसी पुरस्कार मिळाला. होकार होता, हस्तलिखितही दाखवलं होतं, तरी हे झालं. लग्नात दिलेला होकार किती मोकळा असतो? नाही म्हणण्याची किंमत नातं तुटणं अशी असेल, तर हो म्हणणं ही भीतीचीच दुसरी बाजू असू शकते. देविंकनं एकत्र राहत असताना हरकत घेतली नव्हती आणि वेगळं होताना करार करून घेतला, यात मला विसंगती दिसत नाही ती याच कारणानं.

दुसरी अडचण उलट्या बाजूची आहे. संमतीचा नियम सरसकट केला तर सर्वांत आधी कोण खूश होईल? मारणारा नवरा, छळणारा बाप, कचेरीतला बडा साहेब. देविंकनं स्वतः २०२२ मध्ये पुस्तक लिहिलं. टीव्हीवरच्या एका अतिप्रसिद्ध वृत्तनिवेदकावर लैंगिक अत्याचाराचे आरोप करणाऱ्या बायकांची ती हकिकत आहे. तिचा स्वतःचाही त्यांत समावेश आहे. तो आरोप नाकारतो. त्या पुस्तकासाठी त्याची परवानगी घ्यायला हवी होती असं कुणीही शहाणा म्हणणार नाही. म्हणजे ज्या बाईनं नवऱ्याच्या लेखणीला लगाम घातला, तिनंच परवानगीशिवाय एका माणसाबद्दल लिहिलं. हा दुटप्पीपणा आहे, असं पॅरिसमध्ये कुणी म्हणालं तर मला नवल वाटणार नाही. पण यात दुटप्पीपणा नाही. ज्याचा हात आपल्यावर उठला त्याच्याबद्दल बोलणं ही साक्ष आहे, आणि साक्षीला आरोपीची परवानगी लागत नाही. मराठीत मल्लिका अमर शेखांनी १९८४ मध्ये नामदेव ढसाळांबरोबरच्या संसाराबद्दल लिहिलं, तेही याच हक्कानं. तिथे लेखणी खालून वर चालली होती. 'ल मोंद'मधल्या त्या पानावर ती वरून खाली आली.

१३ नोव्हेंबर २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांचा खटला सप्टेंबर २०२१ पासून दहा महिने चालला. कारेर रोज त्या न्यायालयात बसला आणि दर आठवड्याला साप्ताहिकात वार्तापत्र देत राहिला. 'व्ही १३' हे त्याचं पुस्तक त्यातून झालं. जखमी झालेले, मुलं गमावलेले, बाताक्लाँ सभागृहातून रांगत बाहेर पडलेले लोक तिथे उभं राहून स्वतः बोलले. लेखकानं त्यांच्या घरात शिरायची गरजच नव्हती. माझ्या मते हे त्याचं सगळ्यात शांत आणि सगळ्यात कमी आत्मरत पुस्तक आहे. पुढे आई गेल्यावर दोन वर्षांनी, २०२५ मध्ये, 'कोलखोझ' आलं. त्यात आई, आजोबा, सगळं घराणं पुन्हा आहे. मी मरेपर्यंत थांब, ही तिची अट एकदा मोडून, दुसऱ्यांदा पाळून झाली.

राहता राहिला प्रकाशकांचा प्रश्न, आणि तो कुणी फारसा विचारत नाही. फ्रान्समधले मोठे प्रकाशक असं हस्तलिखित वकिलाकडून वाचून घेतात. तो वकील पाहतो ते प्रकाशकावर दावा होईल का एवढंच. ज्या माणसाचं आयुष्य पानांवर आहे, त्याला ते पान छापण्यापूर्वी दाखवायची सक्ती कुणावर नाही. ती असावी. साक्षीचं लेखन सोडून बाकी सगळ्या आत्मपर पुस्तकांसाठी, ओळखू येणाऱ्या हयात माणसाच्या हाती छपाईआधी मजकूर जावा, त्याची हरकत लेखी नोंदली जावी, आणि लेखकानं ती मानली नाही तर तसं पुस्तकात छापावं. यात नकाराधिकार नाही, म्हणून साहित्याचा गळा आवळला जाण्याची भीतीही नाही. देविंककडे वकील होता, घटस्फोटाचं टेबल होतं, नंतर मासिकाची पानं होती. गाडीत न चढलेल्या त्या बाईकडे यातलं काहीही नव्हतं, आणि हा नियम लागतो तो तिच्यासारख्यांसाठी.